विचारा तर खरं : स्वीडनची बिर्गिता

मागच्या अंकात चौदाव्या शतकातल्या स्वीडिश सरदारघराण्यातल्या बिर्गिताची ओळख करून दिली होती. सुमारे १३०३ चा जन्म, आठ मुलांची आई, १३४४ साली वैधव्य, १३४९ साली देश सोडून रोमची वाट, २३ जुलै १३७३ रोजी तिथेच मृत्यू आणि १३९१ साली संतपद, असा तो थोडक्यात आलेख. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वेशभूषेबद्दल तीन शाळांनी विचारलं आहे, त्यांना एकच उत्तर दिलं आहे.

आमच्या घरच्या दिनदर्शिकेत सेंट ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला दिला आहे. तुम्ही २३ जुलै छापलंत. चूक कुणाची?
*(वाचक, कॅम्प, बेळगाव)*

कुणाचीच नाही. त्या दोन वेगळ्या बायका. १ फेब्रुवारीची ब्रिजिड आयर्लंडमधल्या किल्डेअरची, बिर्गिताच्या आठशे वर्षं आधीची. २३ जुलै हा स्वीडनच्या बिर्गिताचा मृत्युदिन. जुनं प्रार्थनापुस्तक काढून बघाल तर तिसरीच तारीख सापडेल, ८ ऑक्टोबर; कॅथलिक सणांच्या यादीची १९६९ साली फेररचना झाली, तोपर्यंत तिचा सण त्या दिवशी असे. स्वीडनमध्ये मात्र ७ ऑक्टोबर धरतात, कारण संतपद जाहीर झालं तो दिवस तो. तिकडे गारठा सुरू झाल्यावर त्या सुमारास कधीकधी चार दिवस ऊब येते, तिला ‘ब्रित्सोम्मार’, म्हणजे बिर्गिताचा उन्हाळा म्हणतात. आपण ऑक्टोबरच्या उन्हाला शिव्या घालतो, ते लोक त्याला संताचं नाव देतात.

लेखात ती ‘श्रीमंत बापाची लेक’ असं वाचलं. पण त्या काळी मुलीला वाटा मिळत होता का? का सगळं नवऱ्याचंच? वडील ‘लागमान’ होते म्हणजे नेमके कोण? आमच्याकडच्या देसायांसारखे?
*(वकील, निपाणी)*

देसायांशी तुलना अर्धीच जुळते. जमीनजुमला, वाडा, हाताखाली माणसं हे सगळं होतं; पण देसाई मुख्यतः वसुलीचा वतनदार, तर लागमान हा प्रांताच्या कायद्याचा मुखत्यार. सभेत कायदा सांगायचा, निवाडा द्यायचा. बिर्गिताचे वडील बिर्येर पेर्सोन हे उपलांद प्रांताचे लागमान. त्या प्रांताचा लेखी कायदा ज्या मंडळाने तयार केला त्याचे ते प्रमुख होते. तो कायदा राजाने १२९६ साली मंजूर केला. त्याच साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली आणि देवगिरीवर अलाउद्दीन चालून आला, एवढं सांगितलं की काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता वाट्याचं. स्वीडनच्या ग्रामीण कायद्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन भाऊ आणि एक बहीण असतील तर पाच भाग करायचे, बहिणीला पाचातला एक. शहरांच्या कायद्यात मात्र दोघांना सारखा वाटा. लेकीला अर्धा वाटा देताना त्यांनी हात आखडला म्हणावं, तर आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क द्यायला कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनाही १९९४ साल उजाडावं लागलं, आणि देशभर तो झाला २००५ साली.

वाट्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे व्यवहार कोण करणार. लग्नाआधी मुलीच्या वतीने बाप उभा राहायचा, लग्नानंतर नवरा. विधवा मात्र स्वतःची मुखत्यार. शिवाय लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची देणगी असे, ‘मोर्गोनगोवा’; तिच्या वैधव्याची ती तरतूद. बिर्गिताचं लग्न १३१६ च्या सुमारास, तेराव्या वर्षी, उल्फ गुद्मार्सोनशी झालं. तोही पुढे नेर्के प्रांताचा लागमान झाला. १३४१ मध्ये दोघं स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघाले, परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या आरास इथे उल्फ आजारी पडला, आणि १३४४ मध्ये आल्वास्त्राच्या मठात वारला. बिर्गिताची सगळी मोठी कामं त्यानंतरची आहेत. तिला झालेल्या दैवी साक्षात्कारांकडे लेखकांचं लक्ष चटकन जातं. पण चाळिशीतली एक बाई राजाला खडसावते, मठाची आखणी करते, रोममध्ये घर मांडते, हे विधवेच्या या कायदेशीर मोकळिकीशिवाय आणि माहेर-सासरच्या जमिनीशिवाय झालं नसतं.

आडनावाचंही एका वाचकाने विचारलं आहे. ‘बिर्येर्सदोत्तर’ हे आडनाव नव्हे, ‘बिर्येरची लेक’ एवढाच अर्थ. लग्नानंतर ते बदलत नसे. म्हणून तिला ‘बिर्गिता गुद्मार्सोन’ लिहिणं चूक. गुद्मार्सोन म्हणजे गुद्मारचा मुलगा; तो उल्फ, ती नव्हे.

एम.ए.च्या सेमिनारसाठी ‘बिर्गिताचे साक्षात्कार’ हा विषय घेतला आहे. ते शब्द खरोखर तिचे धरायचे का? आणि जुनी स्वीडिश संहिता लॅटिनपेक्षा जास्त अस्सल मानावी ना?
*(विद्यार्थिनी, बेळगाव)*

दुसऱ्या प्रश्नात बहुतेक जण फसतात, म्हणून तो आधी. छापील जुनी स्वीडिश संहिता ही मूळ नव्हे. ती लॅटिनवरून परत स्वीडिशमध्ये केलेली आहे. तेव्हा ‘स्वीडिश म्हणून अस्सल’ असं सेमिनारमध्ये म्हणाल तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

मजकूर घडला तो असा. बिर्गिता स्वतः स्वीडिशमध्ये लिहायची किंवा सांगायची. तिचे धर्मगुरू, मुख्यतः आल्वास्त्राचा पेत्रुस, त्याचं लॅटिन करायचे. ते तिला वाचून दाखवलं जायचं. मोठेपणी ती लॅटिन शिकली होती, त्यामुळे नुसती मान डोलावत नसे, तपासून बघत असे. लिंशोपिंगचा पंडित मातियास याने सुरुवातीच्या काळात प्रस्तावना लिहून तिला विद्वानांपुढे उभं केलं. शेवटी स्पेनमधल्या हाएनचा माजी बिशप आल्फोन्सो याने सगळं लावून पुस्तकांत विभागलं. सुमारे सातशे साक्षात्कार, आठ पुस्तकं आणि काही सुटा मजकूर. १४९२ साली जर्मनीतल्या ल्युबेकला बार्तोलोमेउस गोतानने पहिली लॅटिन आवृत्ती छापली: कागदावर ८०० प्रती, चर्मपत्रावर १६.

म्हणजे शब्दाशब्दाला ‘हे तिचंच’ म्हणता येत नाही, आणि ‘पुरुषांनी तिच्या नावावर खपवलं’ हेही टिकत नाही. तिच्या हातचे स्वीडिश मसुद्याचे दोन तुकडे स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तोच मजकूर लॅटिनमध्ये काढून शेजारी ठेवा आणि तीन गोष्टींची यादी करा: कुठे वाक्यं जोडली, कुठे धर्मशास्त्राची परिभाषा घुसली, कुठे काही गाळलं. चार पानांचा सेमिनार एवढ्यावर उभा राहतो. आपल्या बाजूने तुलना हवीच असेल तर जनाबाईकडे धावू नका. म्हाइंभटांनी जमवलेलं ‘लीळाचरित्र’ घ्या. बोलणारा एक, नोंदणारा दुसरा, आणि संहिता पुढे अनेक हातांतून गेलेली, हा प्रश्न तिथे जास्त जुळतो.

शाळेच्या नाटुकलीत बिर्गिता दाखवायची आहे. ननचा पोशाख भाड्याने मिळतो, तो चालेल का? इंटरनेटवर डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा मुकुट दिसतो, तो कसा करायचा?
*(शिक्षिका, खानापूर, याच आशयाची आणखी दोन पत्रं)*

भाड्याचा पोशाख बिर्गितासाठी घेऊ नका. ती नन कधीच नव्हती. तिने आखून दिलेल्या संघातल्या पहिल्या भगिनींना स्वीडनमधल्या वादस्तेनाच्या मठात विधिवत दीक्षा मिळाली १३८४ मध्ये, ती जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. बिर्गिता ही विधवा गृहिणी: पायघोळ गडद झगा, वरून साधी शाल किंवा अंगरखा, आणि कपाळ, कान, गळा झाकणारं पांढरं फडकं. हातात पुस्तक आणि पिसाची लेखणी. यात्रेचा प्रवेश असेल तर काठी. दागिने नकोत.

मुकुट तिच्या संघातल्या भगिनींचा. नाटुकलीत त्या असतील तर त्यांना राखाडी झगा, काळी ओढणी आणि ओढणीवर तो मुकुट. मांजरपाट पुरेल, शहापूरच्या कुठल्याही कापडदुकानात मिळेल. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या दुहेरी शिवून घ्या. पहिली डोक्याभोवती गोल. दुसरी कपाळापासून माथ्यावरून मागे. तिसरी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, माथ्यावर दुसरीला छेदणारी. मग लाल कापडाचे पाच ठिपके: कपाळावर एक, मागे एक, दोन्ही कानांवर एकेक, आणि पाचवा माथ्यावरच्या छेदावर. या येशूच्या पाच जखमा. सहावा ठिपका शोभेसाठी लावू नका.

बिघडतं ते दोन ठिकाणी. माप ओढणी घालायच्या आधी घेतलं की मुकुट ऐनवेळी घट्ट होतो. ओढणीवरूनच टेप फिरवा आणि शिलाईला दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. आणि लाल सुती कापडाचा रंग घामाने पांढऱ्यावर उतरतो, म्हणून ठिपके फेल्टचे करा.

स्टेजवर मठ दाखवायचा झाला तर आकडा ८५ चा. ६० भगिनी, १३ धर्मगुरू, ४ डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे), ८ सेवक बंधू. तेरा धर्मगुरू म्हणजे पौलाला धरून तेरा प्रेषित, आणि उरलेले ६०, ४ व ८ मिळून येशूचे बहात्तर शिष्य. स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या आवारात, चर्च सामाईक, आणि कारभाराची मुख्य मठप्रमुख स्त्री. नियमात पैसाअडका, स्वतःची मालमत्ता यांना सक्त मनाई, पण अभ्यासासाठी पुस्तकं हवी तितकी. आमच्या मते नाटुकलीत एक तरी वाक्य या नियमाला द्यावं.

दरवर्षी नाताळचा गोठा करतो. यंदा बिर्गिताच्या वर्णनाप्रमाणे करायचा विचार आहे. काय बदलावं लागेल?
*(वाचक, बेळगाव)*

दिवा. बाकीचं सोपं आहे. १३७२ मध्ये बेथलेहेमला तिला जे दिसलं त्यात उजेड ताऱ्याचा नाही, बाळाचा आहे. जोसेफ एक मेणबत्ती आणून भिंतीत खोचतो आणि बाहेर निघून जातो. मरिया पायातलं काढते, अंगावरची पांढरी शाल आणि डोक्यावरचं वस्त्र उतरवते, केस मोकळे. बाळासाठी दोन तागाची आणि दोन लोकरीची स्वच्छ फडकी बाजूला काढून ठेवते. गुडघे टेकून, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करते. क्षणात बाळ जमिनीवर, उघडं, आणि त्याच्या तेजापुढे मेणबत्ती असून नसल्यासारखी.

म्हणून गव्हाणीत बाळ ठेवू नका, ते जमिनीवर. फडकी चार, घडी घालून शेजारी. मरियेची बसलेली मूर्ती चालणार नाही, गुडघे टेकलेली हवी. उजेडासाठी बाळाखाली चकतीएवढी फट ठेवून लहान एलईडी लावा, वर तेलकागद. साधा बल्ब लावलात तर वाळलेलं गवत तापतं, ते धोक्याचं. ताऱ्याचा दिवा बंद किंवा अगदी मंद, नाहीतर सगळा मुद्दाच जातो. मेणबत्ती खोटी, पिवळी, मिणमिणती. जोसेफ दाराबाहेर.

हे वर्णन पसरल्यावर युरोपातल्या चित्रकारांनी बाळंतपणाने थकून पहुडलेली मरिया काढणं हळूहळू सोडलं. ह्युगो फान डेर गुस याच्या फ्लॉरेन्समधल्या मोठ्या वेदीचित्रात बाळ असंच उघड्या जमिनीवर आहे.

‘सेंट ब्रिजिटच्या १५ प्रार्थना’ असं पत्रक हातोहात फिरतंय. वर्षभर म्हटल्या की घराण्यातले पंधरा आत्मे मुक्त होतात म्हणे. खरं काय?
*(गृहिणी, चिक्कोडी)*

पत्रकातली ब्रिजिट म्हणजे आपली बिर्गिताच. प्रार्थना जुन्या आहेत आणि म्हणायला हरकत नाही. पण त्या बिर्गिताच्या साक्षात्कारांत नाहीत; त्यांचं मूळ मध्ययुगीन इंग्लंडकडे जातं. त्यांना चिकटवलेली आश्वासनं मात्र चर्चने मानलेली नाहीत. १९५४ साली व्हॅटिकनने तसा इशाराही दिला. पत्रकातला हिशेबही बघा: येशूला ५४८० घाव झाले, म्हणून रोज पंधरा. पंधरा गुणिले ३६५ होतात ५४७५. पाच घाव कुठे गेले, ते पत्रक सांगत नाही.

पोपने तिचं ऐकलं का?
*(वाचक, खानापूर)*

अर्धवट. पोप तेव्हा फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहत. त्यांनी रोमला यावं म्हणून ती वीसेक वर्षं मागे लागली. पाचवा उर्बान १३६७ मध्ये आला, १३७० मध्ये तिच्या संघाला मान्यता दिली, तीही स्वतंत्र नियम म्हणून नव्हे, संत ऑगस्टीनच्या जुन्या नियमाला जोडून, आणि परत गेला. गेलास तर मरशील, असं तिने बजावलं होतं. त्याच डिसेंबरात तो वारला. त्याच्यानंतरचा अकरावा ग्रेगरी १३७७ मध्ये रोमला पोचला तेव्हा बिर्गिता जाऊन साडेतीन वर्षं झाली होती, आणि शेवटचा रेटा इटलीतल्या सिएनाच्या संत कॅथरिनचा होता. सगळं श्रेय बिर्गिताला देणं जरा जास्तच होईल. स्वीडनचा राजा माग्नुस एरिक्सोन याच्या बाबतीत तिची जीभ जास्त तिखट होती. वादस्तेनाची जागा मठाला दिली ती त्याने आणि राणी ब्लांकाने, १३४६ मध्ये. तरी पुढे तिने त्याला गादीवरून उतरवावं असं सुचवायला कमी केलं नाही. १३६४ मध्ये सरदारांनी त्याला खरोखरच गादीवरून उतरवलं.

वादस्तेनाला तिच्या अस्थी बघायला मिळतात का?
*(वाचक, निपाणी)*

अस्थींची पेटी आहे. तिचा देह १३७४ मध्ये रोमहून तिथे नेला, सोबत मुलगी कातारीना होती. मात्र पेटीतल्या दोन कवट्या, एक आईची आणि एक लेकीची म्हणून मानलेल्या, उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासल्या. निष्कर्ष २०१० मध्ये आला. आईकडून मुलांकडे जाणारा जनुकीय अंश दोन्हींत जुळला नाही, आणि दोघींचं वयही एकाच काळातलं निघालं नाही. तिच्या हातची खात्रीची वस्तू बघायची तर ती स्टॉकहोमलाच, वर सांगितलेल्या मसुद्याच्या त्या दोन तुकड्यांत. वादस्तेनाला निळसर चुनखडीचं चर्च बघा. ते साधं आणि मजबूत असावं, असं तिनेच लिहून ठेवलं होतं.