करंगळी कोणी शिकवलीच नाही

प्रश्न : आम्ही दुबईला असतो. यंदा आठ वर्षांच्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवलंय, दारव्हा तालुक्यातल्या गावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. ‘वर्गात भटकतो, सरांना अरे-तुरे करतो’ अशी तक्रार आली. परवा सरांनी त्याला बाहेर उन्हात उभं केलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, ‘आम्ही काय कमी मार खाल्ला?’ ह्यांना थेट वर तक्रार करायची आहे. काय करू?

उत्तर : ताई, कायद्याचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १७ प्रमाणे मुलाला मारता येत नाही, मानसिक त्रासही देता येत नाही. आजोबांनी ‘हाणा बिनधास्त, गुरुजी’ म्हटलं तरी ती परवानगी चालत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तिथं पोराला उन्हात उभं करायचं? मामाजींना हे तुम्ही नका सांगू, त्यांच्या लेकानं सांगावं.

आता पोराकडे येऊ. मी अशाच शाळांत शिकवत म्हातारा झालो. पहिली काही वर्षं माझ्याही हातात रूळ होता, लपवत नाही. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, असा कायद्याचाच हिशेब. म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेत एका गुरुजींपुढे दोन वर्ग. पहिलीला बाराखडी चालू असते, तेव्हा तिसरीनं आपापली गणितं सोडवत बसायचं असतं. त्यात एक पोट्टं उठून हिंडलं की दोन्ही वर्ग सुटले!

पण तो हिंडतो कशाला? घरी विचारा. माझा अंदाज, पाण्याला किंवा लघवीला. गावातल्या पोराला करंगळी वर करायची हे पहिलीच्या आधीच ठाऊक असतं. तुमच्या लेकाला कोण सांगणार? ‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. इंग्रजीत एकच शब्द वापरून आलेलं पोर उद्धट नसतं, गोंधळलेलं असतं. उलट सरांनी ‘काऊन उठला बे?’ म्हटलं की त्याला ती शिवी वाटते. ते रोजचं बोलणं आहे, हे त्याला हसत हसत सांगा.

सरांना शाळा सुटल्यावर फोन करा. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘सर, त्याला इथली रीत ठाऊक नाही, तुमची मदत हवी,’ असं म्हणा. मग उन्हाचा विषय काढा, स्पष्ट काढा. आणि त्याला एखादं काम मागून घ्या : घंटा वाजवणं, परिपाठात दिनविशेष वाचणं, खिचडीच्या वेळी ताटं मांडणं. हिंडणाऱ्या पोराला हिंडायचं काम दिलं की अर्धी कटकट मिटते. हे मला रूळ टाकल्यावर कळलं.

तरी फरक पडला नाही, तर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, आजोबांना तिथं बोलता येईल. त्यापुढे केंद्रप्रमुख, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मात्र हात उगारला गेला तर या पायऱ्या चढत बसू नका, सरळ लेखी तक्रार करा. तेव्हा ह्यांचंच बरोबर.

तोवर आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर लेकाला करंगळी दाखवा.