रिटेंशन वाढवायचंय? आधी गेलेल्या माणसाला गाठ

प्रश्न : ताई, मी चार वर्षं कस्टमर सपोर्टमधे आहे आणि आता मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूत केस दिली होती, रोजचा खर्च लिहायचं अ‍ॅप आहे, नवीन आलेल्या १०० जणांपैकी ३० दिवसांनी ६ जण उरतात, म्हणजे रिटेंशन (टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण) ६ टक्के, काय कराल? मी नोटिफिकेशन, बॅजेस, स्ट्रीक (सलग किती दिवस वापरलं त्याची मोजणी), रेफरल, डार्क मोड असे ११ उपाय सांगितले. त्यांनी एवढंच विचारलं की यातलं आधी कुठलं आणि का, आणि तिथे माझी बोलतीच बंद झाली. पुढचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय. अशा प्रश्नाला हात कुठून घालायचा?

उत्तर : अगं, तुझे उपाय वाईट नव्हते, पण मधला एक प्रश्न राहून गेला, ते ९४ जण गेले कधी आणि कुठून? केसमधे ते दिलेलंच नव्हतं, आणि तेच विचारायला हवं होतं. समज ७० जण पहिल्या दिवशी अ‍ॅप उघडून परत आलेच नाहीत, तर तुझी स्ट्रीक त्यांना दिसणारच नाही, कारण स्ट्रीक सुरू व्हायलाच दुसरा दिवस लागतो. नोटिफिकेशनचंही तेच, आयफोनवर आधीपासून आणि अँड्रॉइडवर १३ व्या व्हर्जनपासून म्हणजे २०२२ पासून त्यासाठी परवानगी मागावी लागते, आणि ज्याला अजून अ‍ॅपचा उपयोगच कळला नाहीये तो परवानगी कशाला देईल? उलट तेच ७० जण दोन आठवडे नीट वापरून मग गळत असतील तर सुरुवात ठीक आहे, पण खर्च लिहून पुढे काय हे त्यांना मिळालं नाही, नुसती यादी साठत गेली. दोन्हीकडे ३० व्या दिवशीचा आकडा ६ च, काम मात्र पूर्ण वेगळं.

म्हणून सुरुवातच अशी कर की मला कोहॉर्ट बघायचेत. म्हणजे एकाच आठवड्यात आलेल्या लोकांचा एक गट धरायचा आणि त्यातले पुढे किती टिकले त्याचा ग्राफ काढायचा. तो घसरत जाऊन कुठे आडवा होतोय का ते बघ. ६ वर आडवा होऊन पुढचे तीन-चार महिने तसाच राहत असेल तर त्या ६ जणांना अ‍ॅप खरंच लागतंय, मग ते कोण आहेत आणि पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं ते शोधायचं. शून्यालाच टेकत असेल तर बॅजेसनी काही होणार नाही, मूळ वस्तूचाच विचार करावा लागेल. एकूण वापरणाऱ्यांच्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस, जाहिराती करून दर आठवड्याला नवे लोक ओतत राहिलं की तो वाढताच दिसतो आणि खालून गळती चालूच असते, मी हे जवळून बघितलंय आणि कळेपर्यंत वर्ष गेलं होतं.

आणि हो, कुठल्या कामाला माणूस किती वेळा येणं साहजिक आहे तेही आधी ठरव. खर्च आपण जवळपास रोज करतो, पण विमानाचं तिकीट काढायच्या अ‍ॅपला रोजचं रिटेंशन लावलं तर आकडा वाईटच दिसणार.

एक प्रसंग सांगते. आम्ही गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप करत होतो, पहिल्या दिवशीच निम्म्याहून जास्त लोक जात होते आणि ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं होतं की डिझाइन जुनाट आहे. मग मी एका बाईंच्या शेजारी बसून बघितलं. अ‍ॅपने पहिल्याच स्क्रीनवर गोळीचं पूर्ण नाव आणि किती मिलिग्रॅम ते विचारलं, बाई गोळ्यांची स्ट्रिप आणायला आतल्या खोलीत गेल्या, तिथे त्यांना दुसरंच काम निघालं, आणि इकडे टेबलावर फोनची स्क्रीन हळूच काळी झाली. त्या परत आल्याच नाहीत, अ‍ॅपवर रागावून वगैरे नाही, विसरूनच गेल्या. आम्ही मग पहिल्या स्क्रीनवर फक्त वेळ ठेवली, नाव म्हणून ‘सकाळची गोळी’ एवढं लिहिलं तरी चालेल असं केलं, बाकीची माहिती दोन दिवसांनी विचारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आठवण वाजली की लोकांना कळायचं हे कशासाठी आहे, आणि त्यानंतर ते टिकायला लागले.

तो क्षण तुझ्या अ‍ॅपमधे कुठला आहे ते शोध. फेसबुकच्या ग्रोथ टीमचं, म्हणजे वापरणारे वाढवायचं काम करणाऱ्या टीमचं, ‘१० दिवसांत ७ मित्र’ (नव्या माणसाने एवढे जोडले की तो टिकतो) हे सूत्र त्या टीमचे तेव्हाचे प्रमुख चमाथ पालिहापितिया यांनी सांगितल्यापासून सगळे आपापला जादूचा आकडा शोधतात, पण यात एक खड्डा आहे. जो माणूस मुळातच टिकणार होता त्याने मित्रही जास्त जोडले असं असू शकतं ना? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही, ते ए/बी टेस्ट करूनच, म्हणजे काही जणांना बदल दाखवून आणि बाकीच्यांना न दाखवून दोन्ही गट ताडूनच, बघावं लागतं. इंटरव्ह्यूत हे बोललीस तर तुझा विचार पक्का आहे हे समोरच्याला लगेच कळेल.

गेलेल्या लोकांना फोन करशील तेव्हा ‘का सोडलंत’ असं विचारू नकोस, ते भिडेपोटी ‘वेळ नाही मिळाला’ म्हणतात. शेवटचं उघडलं तेव्हा नेमकं काय करत होतात, आणि आता तेच काम कशात करता, हे विचार. वहीत, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून, अशी उत्तरं येतील, तुझी खरी स्पर्धा त्यांच्याशी आहे. आणि चार वर्षं सपोर्टमधे काढलीस ही तुझी मोठी शिदोरी आहे गं. आजच जुनी तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, काढ, ज्यांचं खातं सात दिवसांपेक्षा नवीन होतं तेवढीच बाजूला कर आणि कुठल्या स्क्रीनवर लोक अडकले ते मोज. त्यावरचं एक पान लिहून इंटरव्ह्यूला घेऊन जा, फक्त ग्राहकांची नावं आणि कंपनीचे आतले आकडे त्यात येऊ देऊ नकोस.

प्रश्न : मी एका ऑफिस सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्न आहे. आम्ही रिपोर्टचं नवीन फीचर काढून तीन महिने झाले, कोणी वापरत नाही. सर म्हणतात पॉपअप टाक. टाकू का?

उत्तर : आधी चार आकडे काढ, कितींना त्याची गरज आहे, कितींना ते दिसलं, कितींनी एकदा वापरलं, कितींनी परत वापरलं. दिसलंच नसेल तर पॉपअपचा उपयोग आहे, एकदा वापरून सोडलं असेल तर पॉपअप नुसता त्रास देईल. ऑफिस सॉफ्टवेअरमधे विकत घेणारा वेगळा आणि रोज वापरणारा वेगळा असतो, आणि वापरणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःची एक एक्सेल शीट असते जिच्यावर त्याचा जीव असतो. ती शीट मागून बघ, त्यातला कुठला कॉलम तुमच्या रिपोर्टमधे नाहीये ते लगेच दिसेल. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मधे नवीन गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे गट मांडले, त्यात पहिले २.५ टक्के आणि नंतरचे १३.५ टक्के उत्साहाने पुढे येतात, त्यापुढचे ३४ टक्के मात्र आपल्यासारखं दुसरं कोणी वापरतंय का ते बघून मगच हात लावतात. त्यामुळे एकाच टीममधल्या दोघांना शेजारी बसून रिपोर्ट काढून दे, आणि पुढच्या महिन्यात ते तुझ्याशिवाय काढतात का ते बघून मग सरांशी बोल.