बॉल पायथन रंग बघून निवडावा का? आणि या रंगांची पैदास कितपत योग्य?

लेकीसाठी बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहानसा अजगर, घ्यायचाय, तो रंग बघून निवडावा का, असं तुम्ही विचारलंत. रंग बघून जरूर निवडा, त्यात काही गैर नाही. पण ह्यूस्टनच्या दुकानात तुमच्या लेकीला आवडलेला तो पिवळा-काळा 'बम्बलबी' मात्र घेऊ नका. दुकानदार म्हणाला तसा तो 'थोडी मान हलवतो, बाकी ठणठणीत' असेलही, पण ती मान का हलते ते आधी समजून घ्या.

बम्बलबी म्हणजे पेस्टल आणि स्पायडर या दोन जनुकांची जोडी. पेस्टलचं काही नाही, घोळ स्पायडरमध्ये आहे. आज बाजारात दिसणारे सगळे स्पायडर आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एकाच सापाचे वंशज. १९९९ च्या सुमारास त्याची पैदास सुरू झाली. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, म्हणून हे नाव. त्या रेषांबरोबरच 'वॉबल', म्हणजे डोकं-मान डुगडुगण्याचा दोष, येतो. डॅलसजवळच्या एका रेप्टाइल शोमध्ये मी असा साप हातात घेतला होता. नुसता हातावर असताना मान किंचित थरथरत होती. विक्रेत्याने समोर उंदीर धरला तसं डोकं वळत वळत पार उलटं झालं, हनुवटी छताकडे. झडप घातली ती उंदराच्या बाजूने गेली. विक्रेता हसून म्हणाला, "हा जरा वेंधळा आहे." मला नाही हसू आलं.

वेंधळेपणाचा इथे संबंधच नाही. २०२२ साली जर्मन अभ्यासकांनी स्पायडर सापांच्या डोक्याचे सीटी स्कॅन केले, तेव्हा तोल सांभाळणारे आतल्या कानातले भागच वेडेवाकडे घडलेले आढळले. म्हणजे आपण वर कुठे, खाली कुठे हेच त्या सापाला नीट कळत नाही. 'आमच्या लाइनमध्ये (म्हणजे वंशावळीत) वॉबल नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वीस-पंचवीस वर्षं वेगवेगळ्या सापांशी संकर करूनही तो गेलेला नाही, कारण रंग आणि दोष एकाच जनुकातून येतात. शिवाय कमी वॉबल असलेल्या मादीची पिल्लं जास्त वॉबलची निघू शकतात. 'खातो, पितो, अंडी घालतो, मग दुःखी कसा?' हा ब्रीडर मंडळींचा ठेवणीतला युक्तिवाद. दिवसभर डब्यात वेटोळं घालून पडणारा प्राणी त्रास दाखवणार तरी कसा?

पंचाईत अशी की नावावरून जनुक ओळखू येत नाही. किलर बी आणि स्पिनर, दोन्हींत स्पायडर आहे. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: "यात कोणकोणती जीन्स आहेत?" शॅम्पेन आणि वोमा या रंगप्रकारांतही वॉबल असतो. सुपर सिनॅमनची पिल्लं कधी कधी बदकासारख्या चपट्या तोंडाची किंवा मणक्यात बाक घेऊन निघतात. डेझर्टच्या मादीला तर पैदाशीसाठी लावूच नये, अंडी अडकून ती मरू शकते.

सगळे मॉर्फ, म्हणजे पैदाशीतले हे रंगप्रकार, असे नसतात हेही सांगायला हवं. क्लाउन, पेस्टल, पिनस्ट्राइप यांच्यामागे असा ठरलेला दोष नाही. पैदाशीबद्दल मला खटकतं ते वेगळंच. दोन रिसेसिव्ह रंग (आई-बाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसणारे) एकत्र आणायला दोन्ही जनुकं नुसती वाहणारे नर-मादी लावले, तर सोळा पिल्लांत सरासरी एक हवं तसं निघतं, आणि मादी एका खेपेला घालते जेमतेम पाच-सहा अंडी. बाकीच्या पिल्लांचं काय? ती पडेल भावात विकली जातात, बहुतेकदा विशी-तिशीपर्यंत जगणारा प्राणी आपण घेतोय हे ज्यांना ठाऊक नसतं अशांना. (सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये साठी उलटल्यावर अंडी घातली होती! लेक कॉलेजला गेल्यावर साप तुमच्याच गळ्यात पडणार, हे धरून चाला.)

साधा तपकिरी स्वस्तात मिळाला तरी चौकशी करा. घाना, टोगो, बेनिनमधून रानातल्या गाभण माद्या धरून, त्यांची अंडी उबवून पिल्लं निर्यात होतात. 'कॅप्टिव्ह हॅच्ड' म्हणतात ती हीच. तुम्हाला हवा 'कॅप्टिव्ह ब्रेड', म्हणजे पाळलेल्या नर-मादीपासून झालेला. घेण्याआधी तो तुमच्यासमोर खाताना बघा, आणि गोठवून कोमट केलेला उंदीर खातो ना, याची खात्री करा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडचा कुठलाही रानातला साप पाळणं बेकायदा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. बँकॉकहून बॅगेत लपवून आणलेले असे साप मुंबई विमानतळावर अनेकदा पकडले गेलेत, तेव्हा कागद नसलेल्या सापाच्या वाटेला जाऊ नका.

लेकीला पिवळाच हवा असेल तर 'लेमन ब्लास्ट' दाखवा. तो पेस्टल आणि पिनस्ट्राइपचा, अंगावर तशाच बारीक रेषा, आणि वॉबल नाही. फक्त पिल्लाचा फोटो दाखवू नका, चार-पाच वर्षांच्या सापाचा दाखवा. पेस्टलचा पिवळा वयाबरोबर मळकट होतो.