गळा दुखणे म्हणजे रियाज नव्हे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ४३ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. लहानपणी राहून गेलेली हौस म्हणून दीड वर्षापूर्वी शास्त्रीय गायनाच्या वर्गाला जाऊ लागले. वर्गात आम्ही नऊ जणी आहोत आणि सगळ्या काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानून, गातो. तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) जवळ गेले की माझा गळा आवळतो, घरी आल्यावर दुखतो आणि आठवड्याच्या शेवटी आवाज बसलेला असतो. ‘गळा तापल्याशिवाय तयार होत नाही’, असे आमच्या बाई सांगतात. प्रवेशिका प्रथमची परीक्षा जवळ आली आहे. रियाज वाढवावा की गाणे सोडावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही करू नये. आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे नऊ जणींची एकच पट्टी. नऊ गळ्यांना एकच पट्टी सोयीची असणे हा योगायोगच म्हणावा लागेल. वर्गात एकच पेटी आणि एकच तानपुरा असतो, वेळ तासाभराचा असतो, त्यामुळे शिकवणाऱ्यांची अडचण मला कळते, कारण मीही वर्षानुवर्षे असे वर्ग घेतले आहेत. पण अडचण समजली म्हणून तिचा भार विद्यार्थिनीच्या गळ्यावर टाकता येत नाही.

काळी पाचचा षड्ज लावला की स्वरतंतू सेकंदाला सुमारे २३३ वेळा एकमेकांवर आपटतात, आणि तार षड्जाला याच्या दुप्पट. म्हणजे मध्य षड्जाच्या आसपास अर्धा तास सलग गायले तरी हा आकडा चार लाखांच्या पुढे जातो. स्वरतंतू सैल आणि ओलसर असतील, श्वास बेताने सुटत असेल, तर ही आपटणी ते सहज सोसतात. गळा आवळून, हनुवटी वर करून, नुसत्या जोराने स्वर गाठला, तर त्याच आपटणीने त्यांना सूज येते आणि ती रोजची झाली की कडेवर लहान गाठी धरू शकतात. त्यातून आपला व्यवसाय शिक्षिकेचा. दिवसभर चाळीस मुलांच्या गलक्यावर आवाज चढवायचा आणि संध्याकाळी तोच थकलेला गळा घेऊन वर्गाला जायचे, असा आपला क्रम असणार. गाण्याने आवाज बसतो असे आपल्याला वाटते आहे, परंतु निम्मे बसणे शाळेतच झालेले असावे, असा माझा अंदाज आहे.

‘गळा तापणे’ या शब्दप्रयोगाबद्दल थोडे स्पष्ट बोलते. गायक जेव्हा गळा तापला असे म्हणतो, तेव्हा आवाज मोकळा झाला, स्वर विनासायास लागू लागला, असे त्याला म्हणायचे असते. दुखू लागला, असे नव्हे. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनाने बसला आणि पूर्वीसारखा पुन्हा झाला नाही, त्यानंतर त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. गोष्टीचा उत्तरार्ध सर्वांना पाठ असतो, पूर्वार्धाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. संगीतज्ञ प्रा. बी. आर. देवधर आणि पुढे डॉ. अशोक रानडे यांनी आवाज जोपासनेचा विषय इतक्या आग्रहाने मांडूनही आपल्या वर्गांत तो अजून परीक्षेनंतरचा विषय राहिला आहे, याची मला खंत वाटते.

आता काय करावे ते सांगते. आवाज असा वारंवार बसत असेल तर प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर तपासणी मुळीच लांबवू नये. गाठी दिसल्याच तर घाबरू नये, कारण सुरुवातीच्या गाठी शस्त्रक्रियेवाचून, वाचा-उपचारतज्ज्ञांनी दिलेल्या व्यायामांनी आणि बोलण्याच्या सवयी बदलून पुष्कळदा ओसरतात. तोवर पट्टी उतरवावी. पेटीसमोर एकटीने बसून काळी पाचपासून एकेक पट्टी खाली यावे आणि जिथे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) बारीक का होईना पण स्वच्छ लागतो व तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) हनुवटी हलत नाही, तिथे थांबावे. आपल्या बाबतीत ती पांढरी पाच किंवा त्याहूनही खालची पट्टी निघाली तर कमीपणा मानू नये. प्रात्यक्षिक परीक्षेत आपल्याला एकटीने गायचे आहे, तेव्हा आपल्या पट्टीत गाईन असे बाईंना आधीच नम्रपणे सांगावे.

रियाज तासभर सलग करण्याऐवजी वीस-वीस मिनिटांचा दोनदा करावा. आरंभी ओठ मिटून हुंकार भरावा, किंवा पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून तिच्यातून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणावे. पुढून येणाऱ्या थोड्या अडथळ्यामुळे स्वरतंतूंवरचा भार हलका होतो. मग मध्य सप्तकातले साधे पलटे (स्वरांच्या ठरावीक क्रमाच्या रचना) ‘आ’कारात म्हणावेत. खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांचा रियाज, अवश्य करावा, पण हळू आवाजात. पुष्कळ जण मान खाली घालून, गळा दाबून मंद्र स्वर ‘काढतात’, आणि असा खर्ज गुणापेक्षा अवगुणच अधिक करतो. शाळेत मुलांना गप्प करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटा वापरावी. आवाज बसलेला असताना कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती, असा एक समज आहे. कुजबुजतानाही गळ्यावर ताण येतो, तेव्हा मौनच पाळावे. सतत खाकरण्याची सवय असेल तर तीही सोडावी. हे सारे करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर परीक्षा पुढच्या सत्रात द्यावी.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. सहा वर्षे गाणे शिकतो. गेल्या चार महिन्यांत त्याचा आवाज फुटू लागला असून वरचे स्वर मध्येच तुटतात. तो वर्गाला जायला लाजतो. शिकवणी काही काळ थांबवावी का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : थांबवू नये, पट्टी मात्र बदलू द्यावी. या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याचा आवाज हळूहळू जवळजवळ एका सप्तकाने उतरतो. लहानपणी काळी चार-पाचमध्ये गाणारा मुलगा शेवटी काळी एक किंवा दोनच्या आसपास स्थिरावतो, पण मधल्या काळात त्याची पट्टी महिन्या-महिन्याला बदलू शकते. जुन्या पट्टीतल्या ताना त्याच्याकडून हट्टाने घेऊ नयेत. तुटणारा स्वर जोर लावून सांधू नये. हा काळ ताल, लय, रागांची ओळख, ऐकणे आणि पेटीवर हात बसवणे यांसाठी उत्तम आहे. लाज वाटण्याविषयी म्हणाल, तर नातेवाइकांसमोर ‘गाऊन दाखव’ असा आग्रह वर्षभर टाळावा; शिकवणीपेक्षा तो आग्रहच मुलांना अधिक छळतो, असे मी पाहिले आहे.

प्रश्न : गाण्यापूर्वी ज्येष्ठमध, खडीसाखर किंवा मध घेतल्याने आवाज सुधारतो का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपण गिळतो ते अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात, त्यामुळे यांतले काहीही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. घशाला ओलावा आणि बरे वाटणे एवढे काम ही मंडळी करतात, म्हणून आवडत असेल तर घ्यावे. पाण्याचेही असेच आहे. ते शरीरात जिरल्यावर उपयोगी पडते, म्हणून बैठकीच्या तोंडावर तांब्याभर पिण्याऐवजी सकाळपासून थोडे थोडे पीत जावे. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट स्वरतंतूंपर्यंत जाते. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गायला बसणे मात्र टाळावे, कारण दुखणे कळेनासे झाले की कुठे थांबायचे तेही कळत नाही.