एकच कोर्स, तीन पोर्टलं: लिंक कशी द्यायची?

प्रश्न : आमच्या दूध संघात प्रशिक्षणासाठी मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवण्याचं सॉफ्टवेअर वापरतात. संघाचे कर्मचारी, गावोगावच्या संस्थांचे सचिव आणि दूध उत्पादक अशी तीन पोर्टलं आहेत, प्रत्येकाचं लॉगिनचं पान वेगळं. ‘स्वच्छ दूध उत्पादन’ हा कोर्स कर्मचारी पोर्टलवर तयार आहे. त्याची लिंक सचिवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर काहींना नुसतं लॉगिनचं पान दिसतं. काहींचं लॉगिन होतं, पण पुढे ‘या कोर्समध्ये तुम्हाला स्वतः नाव नोंदवता येणार नाही’ असा संदेश येतो. कोर्सच्या तीन प्रती करून तीन लिंका द्याव्यात का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : प्रती करू नका. कासदाहावर औषध दिल्यावर किती दिवस दूध संस्थेत घालायचं नाही, हा भाग तुमच्या कोर्समध्ये असणारच. उद्या पशुवैद्यकांनी त्यात दुरुस्ती सुचवली, तर ती कर्मचाऱ्यांच्या प्रतीत लगेच होईल आणि रोज सकाळी धार काढणाऱ्या माणसाच्या प्रतीत जुनंच वाक्य राहून जाईल. ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हाती चुकीची माहिती. मला हे अजिबात पटत नाही. त्यातच गुणांचे तीन वेगवेगळे अहवाल जुळवत बसणं आलंच.

तुम्ही कळवलेले दोन अनुभव मात्र फार उपयोगाचे आहेत. फक्त लॉगिनचं पान दिसतं, कारण लॉगिनची कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेली ओळखीची खूण, त्या-त्या वेबपत्त्यापुरतीच चालते. सचिव स्वतःच्या पोर्टलवर लॉगिन असले तरी कर्मचारी पोर्टलचा पत्ता त्यांना ओळखत नाही. दुसरा संदेश ज्यांना आला, ते स्वतःच्या पासवर्डने आत पोचले होते. म्हणजे कर्मचाऱ्यांची आणि सचिवांची खाती एकाच मूडलमध्ये आहेत, तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. लिंक बरोबर आहे, नावनोंदणी राहिली आहे.

आता साइट प्रशासनात जाऊन कर्मचारी आणि सचिव असे दोन कोहॉर्ट, म्हणजे वापरकर्त्यांच्या याद्या, करा. मग कोर्सच्या ‘एनरोलमेंट मेथड्स’मध्ये ‘कोहॉर्ट सिंक’ दोनदा जोडा आणि दोन्ही वेळा नवीन ग्रुप तयार करण्याचा पर्याय निवडा. कोहॉर्टमधल्या प्रत्येकाचं नाव आपोआप कोर्समध्ये आणि आपापल्या ग्रुपमध्ये येतं. बल्क कूलरचं (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचं) तापमान ४ अंशांवर कसं ठेवायचं, हा भाग उत्पादकांना नको असेल तर त्या भागाच्या ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’मध्ये हे दोनच ग्रुप घाला, दोघांपैकी कोणत्याही एका ग्रुपमध्ये असलं तरी चालेल असं ठरवा आणि शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून डोळा मिटा. बाकीच्यांना तो भाग दिसणारच नाही. कोर्स एकच राहतो आणि ज्याला जे हवं तेवढंच समोर येतं.

एक सेटिंग आवर्जून पाहा. सचिव बदलला आणि जुन्याचं नाव कोहॉर्टमधून काढलं की मूडल एरवी त्याला कोर्समधूनही काढून टाकतं. त्याऐवजी नोंदणी निलंबित करण्याचा पर्याय निवडा. त्याने केलेला अभ्यास नोंदीत राहतो आणि पुन्हा सचिव झाला तर तिथूनच पुढे चालू करता येतं.

उत्पादकांचा विचार मी वेगळा करते. संकलन केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या बाईंना यूजरनेम-पासवर्ड मागणं म्हणजे त्यांना परत पाठवणं. त्यांच्यासाठी कोर्सला ‘गेस्ट अ‍ॅक्सेस’ द्या आणि साइटच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं आपोआप लॉगिन चालू करा. व्हिडिओ आणि पानं बिनपासवर्डाची उघडतील. पाहुण्यांना चाचणी मात्र देता येत नाही आणि त्यांनी किती कोर्स पाहिला याची नोंदही राहत नाही. ज्यांना प्रमाणपत्र हवं, त्यांची खाती उघडून स्वतः नाव नोंदवण्याची सोय चालू करा, त्यात ग्रुपची एनरोलमेंट की (नोंदणीचा परवलीचा शब्द) वापरा आणि गावच्या प्रत्येक संस्थेला वेगळी की द्या. त्याच लिंकवरून येणारा माणूस आपल्या संस्थेच्या ग्रुपमध्ये जाऊन बसतो. कोर्सची मुख्य कीसुद्धा भरायला विसरू नका. ती रिकामी राहिली तर खातं असलेला कुणीही की न विचारता आत येतो.

लिंक कॉपी करताना तिच्यातल्या ‘id=’ नंतरच्या आकड्यापुढे काही शेपूट लागलं असेल तर कापून टाका. एडिटिंग चालू असताना कॉपी केलेल्या लिंकांना असलं काहीबाही चिकटून येतं. शेपूट मुद्दाम लावायचंच तर भाषेचं लावा. मराठीचा भाषासंच बसवलेला असेल तर लिंकेच्या शेवटी ‘&lang=mr’ जोडताच बटणं आणि सूचना मराठीत दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकेखाली कोर्सच्या नावाऐवजी लॉगिनच्या पानाचं नाव उमटलं तरी घाबरू नका. व्हॉट्सअ‍ॅपला लॉगिन करता येत नाही, म्हणून त्याला तेवढंच दिसतं. कोर्सचं नाव संदेशात तुम्हीच लिहा, म्हणजे लोक विश्वासाने उघडतील.

केंद्रावर क्यूआर चिकटवणार असाल तर तो थेट कोर्सकडे नेऊ नका. संघाच्या संकेतस्थळावर एक छोटा पत्ता करा, क्यूआर त्याचा छापा आणि तिथून कोर्सकडे वळवा. पुढच्या वर्षी कोर्स बदलला तर वळण बदललं की झालं, गावोगावचे कागद तसेच चालतील.

संघाने पुढे खरोखरच स्वतंत्र मूडल उभी केली, तर खाती वेगळी होतील आणि कोहॉर्टचा उपयोग राहणार नाही. तेव्हा कोर्स ‘पब्लिश अ‍ॅज एलटीआय टूल’ने (एलटीआय म्हणजे एका पोर्टलचा कोर्स दुसऱ्यात जोडण्याची प्रमाणित पद्धत) प्रकाशित करा आणि दुसऱ्या पोर्टलवर ‘एक्स्टर्नल टूल’ म्हणून जोडा. माणूस आपल्याच पोर्टलवरून शिकतो आणि गुणही तिकडे परत जातात.

प्रश्न : दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरच्या एका प्रशिक्षणाची लिंक आमच्या शाळा-केंद्राच्या ग्रुपवर आली. कोर्स उघडतो, पण सामील होता येत नाही. लिंक खोटी आहे का? – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : लिंक खरी असणार. दीक्षावर लिंक कोर्सची असते, पण सामील व्हायचं असतं बॅचमध्ये, आणि बॅचला मुदत असते. ती संपली की कोर्स दिसत राहतो, नोंदणी मात्र बंद होते. नवी बॅच कधी सुरू होणार हे तुमच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विचारा. तोवर प्रोफाइलमधलं तुमचं नाव एकदा तपासून घ्या, प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.