ख्रिस्ती म्हणून पवित्र जगायचं तर पुण्यातल्या ऑफिसात पार्टी, गणपती, मित्रमंडळी सगळं टाळायचं का?

नाही, माणसं टाळायची नाहीत. वेगळेपण वागण्यात दिसायला हवं. बायबलात योहान 17:15 मध्ये येशू देवाकडे शिष्यांना जगातून काढून घे असं मागत नाही, वाइटापासून राख असं मागतो. प्रेषित पौल तर करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 1 करिंथ 5:10 मध्ये, सरळ लिहितो की लोभी, मूर्तिपूजक अशा लोकांचा संपर्कच नको असेल तर जगच सोडावं लागेल. इथलंच उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई: दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणून सांभाळलं आणि तिथेच बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत उतरवलं. आपल्या पातळीवर बोलायचं तर टॅक्स वाचवायला सगळे खोट्या भाडेपावत्या जोडतात तेव्हा आपण जोडायची नाही. खरी परीक्षा तिथे असते, पार्टीत नाही. (ग्लासात कोकम सरबत असलं तरी पार्टी होते.)

प्रसादाचं मात्र जपून. 1 करिंथ 10:27-28 म्हणतं, वाढलेलं विचारपूस न करता खा. पण नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. आरतीनंतर हातावर येणारा मोदक यातच आला. डेस्कवर फिरणाऱ्या मिठाईच्या खोक्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, तेव्हा आपल्या पाळकांना विचारा.