पोटॅशियमने समृद्ध ज्वालामुखी खडकांचं मूळ स्फटिकांवरून कसं शोधतात?

तुमचा प्रश्न असा आहे: "पोटॅशियम भरपूर असलेले ज्वालामुखी खडक मुळात कुठून येतात हे त्यातल्या खनिजांच्या स्फटिकांवरून ठरवतात असं वाचलं. अख्खा खडक दळून त्याचं विश्लेषण केलं तर भागत नाही का? आणि इटलीतल्या नि ऑस्ट्रेलियातल्या अशा खडकांचं मूळ एकच मानायचं का?"

शेवटच्या भागाचं उत्तर "नाही" असं आहे, पण तिथवर पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल. मी अग्निजन्य खडकांवर काम करते आणि माझा बराचसा वेळ ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचे दाणे मोजण्यात गेलाय. त्यामुळे उत्तर ऑलिव्हिनकडे झुकलेलं असेल, सांभाळून घ्या.

आधी साधा हिशोब. कवचाखालच्या प्रावरणात पोटॅशियम ऑक्साइडचं प्रमाण साधारण ०.०३ टक्के असतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या ल्यूसाइट हिल्सच्या लाव्हात तेच १० टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. प्रावरण वितळू लागलं की पोटॅशियम तिथल्या नेहमीच्या खनिजांत टिकून राहत नाही, पहिल्याच थेंबांबरोबर बाहेर पडतं, हे खरं. पण समजा प्रावरणाचा फक्त शंभरावा भाग वितळला आणि सगळंच्या सगळं पोटॅशियम त्यात उतरलं, तरी ३ टक्केच होतात. १० टक्क्यांसाठी हजारातले जेमतेम तीन भाग वितळायला हवेत, आणि एवढासा रस गोळा होऊन ज्वालामुखी उभा करेल हे पटत नाही. म्हणजे वितळण्याच्या आधीच तिथल्या प्रावरणात कुणीतरी पोटॅशियम आणून टाकलेलं असणार. कुणी, कधी आणि कुठून, हाच या शाखेतला मुख्य वाद.

आता अख्खा खडक दळण्याबद्दल. दळायला हवाच, ती पहिली पायरी आहे. ज्यांना अल्ट्रापोटॅसिक म्हणतात त्या खडकांची १९८७पासून प्रचलित असलेली व्याख्याच मुळी दळलेल्या खडकाच्या आकड्यांवर उभी आहे: पोटॅशियम ऑक्साइड ३ टक्क्यांच्या वर, मॅग्नेशियम ऑक्साइड ३ टक्क्यांच्या वर, आणि पोटॅशियम ऑक्साइड सोडियम ऑक्साइडच्या दुपटीहून जास्त. पण दळलेल्या खडकातून मिळते ती सरासरी. वर येणाऱ्या शिलारसात दुसरा शिलारस मिसळलेला असतो, वाटेतल्या भिंतींचे तुकडे विरघळलेले असतात, खोलवरच्या खडकांतले परके दाणे वाहून आलेले असतात. दळलं की या सगळ्यांचा एकच आकडा होतो. त्यात भर म्हणजे ल्यूसाइट. हे पोटॅशियमचं खनिज गरम पाण्याच्या संपर्कात आलं की पोटॅशियम सोडून सोडियम घेतं आणि त्याचं ॲनॅल्साइम होतं. जुन्या खडकात असं झालेलं असलं की जो घटक शोधायचा तोच निघून गेलेला असतो.

(ल्यूसाइटचा विषय निघालाच आहे तर: पोटॅश हा फक्त वनस्पतींच्या राखेत मिळणारा क्षार आहे असं अठराव्या शतकात मानत. १७९७ मध्ये मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो ल्यूसाइटमध्ये शोधून दाखवला. म्हणजे पोटॅशियम दगडातही असतं हे माणसाला पहिल्यांदा कळलं त्यात ज्वालामुखीतल्या या पांढऱ्या स्फटिकाचा वाटा आहे.)

स्फटिकाचं वेगळेपण असं की तो थरांनी वाढतो. आधी जमलेला गाभा त्या वेळच्या शिलारसाची नोंद ठेवतो, नंतरची कड नंतरच्या शिलारसाची. खडकाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ही वलयं बऱ्याचदा सहज दिसतात. मग इलेक्ट्रॉन प्रोबने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून रचना मोजणाऱ्या यंत्राने, काही मायक्रोमीटरचा ठिपका धरून मुख्य घटक मोजायचे आणि लेझरने बारीक खड्डा पाडून अत्यल्प घटक मोजायचे.

शिलारसातून अगदी सुरुवातीला जमणाऱ्या खनिजांत ऑलिव्हिन येतं, म्हणून उगमाच्या सगळ्यात जवळची साक्ष त्याची. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियम आणि लोह एकमेकांची जागा घेतात. नेहमीच्या प्रावरणातल्या ऑलिव्हिनमध्ये या जागांपैकी ८९ ते ९१ टक्के मॅग्नेशियमकडे असतात. लॅम्प्रोइट नावाच्या अतिपोटॅशियमी खडकांत हाच आकडा ९३-९४ पर्यंत चढतो. त्या ऑलिव्हिनच्या पोटात क्रोम-स्पिनेल या खनिजाचे काळे कण अडकलेले असतात, आणि त्यात क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या बेरजेत क्रोमियमचा वाटा ९० टक्क्यांच्याही वर सापडतो. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. हा शिलारस ज्या प्रावरणातून आला ते पूर्वी कधीतरी एकदा चांगलंच वितळून पिळून निघालं होतं. लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आधीच निघून गेलं होतं, आणि उरला होता चिवट चोथा.

आता गंमत बघा. चोथ्यात पोटॅशियम उरायला नको, कारण ते तर पहिल्या थेंबाबरोबर पळतं. तरी या शिलारसात पोटॅशियम भरभरून आहे. म्हणजे आधी प्रावरण पिळून निघालं, आणि नंतर बाहेरून काहीतरी त्यात शिरलं. बाहेरून आलेल्या द्रवाने फटींमध्ये फ्लोगोपाइट या तपकिरी अभ्रकाच्या शिरा तयार केल्या. या अभ्रकात सुमारे १० टक्के पोटॅशियम ऑक्साइड असतं, त्यामुळे शिरा आणि भोवतालचा चोथा एकत्र वितळले की आपला हिशोब जुळतो. दळलेल्या खडकाच्या आकड्यांवरून यातलं फक्त "समृद्ध" एवढंच कळलं असतं. आधी दारिद्र्य आणि मग समृद्धी हा क्रम स्पिनेल आणि ऑलिव्हिनमुळे कळला. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे.

आता शिरलेलं काय होतं? इथे लिथियम कामाला येतं. प्रावरणातल्या साध्या ऑलिव्हिनमध्ये ते दशलक्ष भागांत एक-दोन भाग असतं. भूमध्य परिसरातल्या लॅम्प्रोइटांच्या ऑलिव्हिनमध्ये ते दहाच्या वर जातं, काही दाण्यांत तीसच्याही पलीकडे. लिथियम साचतं ते झिजलेल्या खडकांच्या चिखलात, मातीच्या खनिजांत. त्यामुळे समुद्रतळाचा गाळ खाली सरकणाऱ्या भूपट्टाबरोबर प्रावरणात गेला आणि त्याच्या रसाने वरचं प्रावरण भिजवलं, असा अर्थ निघतो. ऑक्सिजनच्या समस्थानिकांची जोडही मिळते. प्रावरणातल्या ऑलिव्हिनसाठी ऑक्सिजन-१८ चा नेहमीचा निर्देशांक ५.२ च्या आसपास असतो आणि तो फारसा हलत नाही. पृष्ठभागावर कमी तापमानात पाण्याशी खेळलेल्या गाळात तो बराच जास्त असतो. मॅग्नेशियमने श्रीमंत, लवकर जमलेल्या ऑलिव्हिनमध्येच तो चढलेला दिसला, तर गाळ उगमातच मिसळला होता असं म्हणायला आधार मिळतो. तो फक्त कडेला चढलेला असेल तर वाटेतल्या खडकावर संशय घ्यायचा.

हा "उगम की वाट" प्रश्न इटलीत फार जुना आहे. व्हेसुव्हियस आणि रोमजवळच्या आल्बान टेकड्या जाड चुनखडीवर बसल्या आहेत. शिलारस चुनखडी खातो आणि त्यातून अल्कधर्मी, म्हणजे सोडियम-पोटॅशियम जास्त असलेले, खडक बनतात, असं भूवैज्ञानिक रेजिनाल्ड डॅली यांनी १९१० मध्ये सुचवलं. आल्फ्रेड रिटमान यांनी १९३३ मध्ये व्हेसुव्हियसच्या वाटचालीसाठी तोच विचार वापरला. चुनखडी खाल्ली जाते यात शंका नाही. पण चुनखडीत पोटॅशियम नगण्य असतं, मग ते येणार कुठून? दुसरं, स्ट्रॉन्शियम. आल्बान टेकड्यांच्या लाव्हात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७१० च्या आसपास आहे, आणि तिथली मध्यजीव काळातली सागरी चुनखडी ०.७०८ च्या वर सहसा जात नाही. कमी गुणोत्तराची वस्तू घालून गुणोत्तर वाढवता येत नाही.

इथे एक सापळा मात्र आहे. चुनखडीशी भिडलेल्या शिलारसाच्या कडेलाही ऑलिव्हिन तयार होतं आणि ते जवळजवळ शुद्ध मॅग्नेशियमचं असू शकतं. शुद्ध मॅग्नेशियमी ऑलिव्हिनला फॉर्स्टेराइट म्हणतात आणि हे नाव १८२४ मध्ये व्हेसुव्हियसच्याच मोंते सोम्माच्या नमुन्यांवरून पडलं. नुसता मॅग्नेशियमचा आकडा बघणारा हुरळून जाईल, की हे बघा खोल प्रावरणातून आलं. निकेल मोजलं की सोंग उघडं पडतं. प्रावरणाशी नातं असलेल्या ऑलिव्हिनमध्ये दशलक्ष भागांत तीन हजारांच्या आसपास निकेल असतं, चुनखडीच्या कडेला जन्मलेल्यात ते जवळपास नसतंच आणि कॅल्शियम भरपूर असतं.

मीही फसले आहे, पण दुसऱ्या बाजूने. एका नमुन्यात ९२ आकड्याचे सुंदर गाभे मिळाले आणि मी दोन महिने त्यांचे आलेख काढत बसले. नंतर शांतपणे बघितलं तर कॅल्शियम ऑक्साइड ०.१ टक्क्याच्या खाली, दाणे गोलसर झिजलेले, आणि ध्रुवित प्रकाशात त्यांच्यावर वाकलेले पट्टे. ते त्या शिलारसातून जमलेच नव्हते. प्रावरणाच्या भिंतीतले दाणे वाटेत उचलले गेले होते. सगळे आलेख टोपलीत. तेव्हापासून मी आधी सूक्ष्मदर्शकाशी पुरेसा वेळ घालवते आणि मगच प्रोबची वेळ मागते. कमी कॅल्शियम हा एकटाच पुरावाही धरू नये, पाणीदार शिलारसातून जमलेल्या ऑलिव्हिनमध्येही ते कमी निघू शकतं.

स्फटिकांची स्मृती अढळ नसते हेही सांगायला हवं. १२०० अंश सेल्सियसला ऑलिव्हिनमधलं लोह-मॅग्नेशियम हळूहळू सरकत राहतं, आणि लिथियम तर त्याहून कितीतरी वेगाने. वलयं धारदार राहिली असतील तर स्फटिक फार काळ शिजत पडला नव्हता, हा त्याचाच उपयोगी भाग. ऑलिव्हिनमध्ये अडकलेले वितळलेल्या रसाचे सूक्ष्म थेंब तर खजिनाच असतात, कारण ते शिलारस मिसळण्याच्या आधीचे असतात आणि एकाच खडकातले थेंब एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा मिसळलेल्या बाजू वेगळ्या करता येतात. पण थेंबातलं पाणी भिंतीतून निसटतं आणि थेंबाच्या कडेला नवं ऑलिव्हिन जमून आतली रचना बदलते, म्हणून ते आकडे दुरुस्त करूनच वापरायचे.

आता तुमचा शेवटचा भाग. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट किम्बर्लीचे लॅम्प्रोइट साधारण २ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि फार जुन्या खंडाच्या कडेने वर आले आहेत. ल्यूसाइट हिल्सचे त्याहून तरुण, जेमतेम ३० लाख वर्षांच्या आतले, पण तेही प्राचीन खंडगाभ्यातूनच आलेले. या दोन्ही ठिकाणी उगमाचं प्रावरण पिळलेलं आणि मग अभ्रकाने समृद्ध झालेलं आहे, इटलीतल्या लॅम्प्रोइटांसारखंच. फरक आहे तो समृद्धीच्या तारखेत. फ्लोगोपाइटमध्ये रुबिडियम भरपूर असतं आणि त्याचा क्षय होऊन स्ट्रॉन्शियम-८७ बनत राहतं, त्यामुळे शिरा नुसत्या पडून राहिल्या तरी गुणोत्तर चढतं. गाळ मिसळला तरी चढतं. म्हणून एकटं स्ट्रॉन्शियम इथे निकाल देऊ शकत नाही, निओडिमियम आणि शिसं यांचे समस्थानिकही लागतात. वेस्ट किम्बर्लीत या दोघांवरून निघतं की ती समृद्धी १०० कोटी वर्षांहून जुनी आहे. पोटॅशियम तिथे मुरत पडलं होतं, उष्णता मिळाली तेव्हा बाहेर आलं. इटलीत ते भूवैज्ञानिक हिशोबात अलीकडेच, ॲड्रियाटिक बाजूचा भूपट्ट खाली सरकताना, गाळातून गेलं आणि लवकरच परत वर आलं. दोन्हीकडचे दळलेले नमुने शेजारी ठेवले तर पोटॅशियमच्या आकड्यावरून हा फरक तुम्हाला कधीच दिसणार नाही.